वाचून न दाखवलेले आकडे

कुसुमावती हे नाव हुबळीत आता फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. कमरीपेठेजवळच्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही कानडीतून, आणि इकडे शिकवणाऱ्या बाईंना सगळा गाव ‘अक्कोर’ म्हणतो. भाजीवाली म्हणायची अक्कोर, रिक्षावाला म्हणायचा अक्कोर. विद्यानगरातल्या ज्या शेजारणींच्या मुली त्यांच्या हाताखाली कधी शिकल्याच नाहीत, त्याही अक्कोरच म्हणायच्या. तेव्हा आपणही तेच म्हणू.

अक्कोरांचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरे. पास व्हायला पस्तीस गुण लागत आणि एखाद्या मुलीला चौतीस पडले, तर त्या चौतीसच देत. हेडमास्तर गयावया करत, “एका मार्कानं काय आभाळ कोसळतंय बाई?” अक्कोर पेपर त्यांच्यापुढं सरकवत आणि म्हणत, “मग तुम्ही द्या. खाली सही मात्र तुमची हवी.” सही कोणी करत नसे. पुढचा महिनाभर शाळा सुटल्यावर त्या पोरीला समोर बसवून अक्कोर सगळा धडा पुन्हा शिकवत, आणि ती पोर फेरपरीक्षेत साठ मार्क आणायची. दया करायची तर ती शिकवण्यात करावी, मार्कांत नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. दुसरी बाई रडली असती. अक्कोरांनी दुर्गदबैलाच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि घरच्या मशीनवरच्या रोजच्या साखरेचे आकडे तारखेप्रमाणे लिहायला घेतले. अठरा वर्षांत अशा चार वह्या भरल्या. त्यांचे जुने डॉक्टर मुलाकडे परदेशी निघून गेले, तेव्हापासून तर त्या स्वतःच स्वतःच्या डॉक्टर झाल्या होत्या. इन्सुलिन किती युनिट घ्यायचं, कधी वाढवायचं, कधी उतरवायचं, सगळं वही बघून ठरे.

या कामात त्यांना एक मदतनीस होता, त्यांचा नवरा. सुमंतराव रेल्वेच्या हापिसात कारकून होते, आता निवृत्त. मऊ माणूस. भांडण म्हटलं की चप्पल घालून बाहेर पडणारा. दर तीन महिन्यांनी अक्कोर लॅबमध्ये रक्त देऊन येत आणि रिपोर्ट येई सुमंतरावांच्या फोनवर, कारण नोंदवलेला नंबर त्यांचा होता. मग नाश्ता झाल्यावर ते चष्मा लावून आकडे वाचत आणि अक्कोर वहीत लिहून घेत. “फास्टिंग एकशे बत्तीस.” “हं.” “जेवणानंतरची एकशे अठ्ठ्याऐंशी.” “हं.” अक्कोर या कार्यक्रमाला हजेरी म्हणायच्या. वर्गात एकतीस वर्षं त्या नावं घेत आणि मुली ‘हजर’ म्हणत. घरी नावं घ्यायचा मान नवऱ्याला दिला होता, एवढाच फरक.

गेल्या वर्षापासून या हजेरीला बहर आला. चौतीस युनिट इन्सुलिन लागायचं, ते अठ्ठावीसवर आलं. मग वीस. मग चौदा. आकडे तरीही खालीच. अक्कोरांना आपल्या शिस्तीचा अभिमान होताच, आता त्याला पुरावा मिळाला. रोज पहाटेचं चालणं, भाताऐवजी जोंधळ्याची भाकरी, आणि मुख्य म्हणजे एकादशी. त्यांचं घर माध्वांचं, एकादशी कडकडीत. पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर लोक ओरडायचे, अक्कोर ऐकायच्या नाहीत. त्यांचा हिशेब पक्का होता. एकादशीला सकाळचं इन्सुलिन नाही, रात्रीचं निम्मं, आणि द्वादशीला उजाडताच पारणं. उपाशीपोटी शरीर काय करतं हे त्यांनी एकतीस तुकड्यांना शिकवलं होतं: यकृतातला साठा निघतो, साठा संपला की यकृत नवी साखर तयार करतं. आणि मूत्रपिंड? मूत्रपिंड म्हणजे जरडी. जरडी म्हणजे चाळणी. रक्त चाळायचं, घाण टाकायची. फळ्यावर त्या चहाची गाळणीच काढायच्या, मुली हसायच्या आणि पाठ होऊन जायचं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, त्यांनी अठरा वर्षांत प्रथमच अख्खी होळिगे, पुरणपोळी, खाल्ली. तूप घालून. विद्यानगरच्या महिला मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं, ‘मधुमेहावर मात’. अक्कोरांनी वही उंच धरून सगळ्यांना उतरते आकडे दाखवले. पाय सुजलेले होते, पण ते उभं राहून. थकवा येत होता, पण वय बासष्ट. तोंडाला चव नव्हती, पण चव नसली तर मधुमेह्याचं भलंच की. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. हुशार माणसाचं हेच वाईट असतं, त्याला उत्तरं लवकर सापडतात.

सुमंतराव त्या भाषणाला पहिल्या रांगेत होते. टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.

श्रावणातल्या द्वादशीला सकाळी गोष्ट घडली. अक्कोर आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकाला लागल्या होत्या. सुमंतराव दाराशी आले आणि विचारलं, “किती वेळ गं अजून?” अक्कोरांनी वळून पाहिलं. कपाळावर घाम होता. आणि त्या कडाडल्या, “सुम्क कूड्री! पुस्तक तेगीरी!” गप्प बसा, पुस्तकं काढा!

आता दुसऱ्या गावात नवरा चरकला असता. पण हे हुबळी. इथं माणूस देवाशी एका भाषेत बोलतं, भाजीवालीशी दुसऱ्या, आणि एकाच वाक्यात तीन वेळा कूस बदलतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्यात अक्कोरांची रीत अशी की नवऱ्याशी माया मराठीत आणि राग कानडीत. सुमंतरावांना वाटलं, चिडली. आणि त्यांच्या मनात जे दडलेलं होतं त्यानं त्यांना आणखी घाबरवलं. हिला कळलं की काय? त्यांनी चप्पल घातली, पेपर उचलला आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. राग उतरेपर्यंत बाहेर थांबायचं, हा चाळीस वर्षांचा अनुभव.

आत अक्कोर ओट्याला धरून रिकाम्या भिंतीला धडा शिकवत होत्या. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद होईना, तेव्हा सुमंतराव आत आले. अक्कोर फरशीवर पडलेल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, दात घट्ट. ते सोवळं-ओवळं सगळं विसरले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बोटानं हिरड्यांना साखर चोळली आणि शेजाऱ्यांना हाका मारत सुटले. अँब्युलन्समधल्या मशीनवर शुगर आली फक्त एकतीस.

अक्कोर शुद्धीवर आल्या तेव्हा हाताला सलाइन होतं आणि पायाशी एक तरुण डॉक्टरीण उभी होती. “अक्कोर, नन्न नेनप ऐतेन्री?” माझी आठवण आहे का? अक्कोरांनी निरखून पाहिलं. दीपश्री. कमरीपेठेत पत्र्याचे डबे करणाऱ्याची मुलगी, चौतीस मार्कवाली. आता मूत्रपिंडविकारांची डॉक्टर. अक्कोरांना इतका आनंद झाला की आपण आजारी आहोत हेच त्या क्षणभर विसरल्या.

“एक प्रश्न विचारते अक्कोर,” दीपश्री कानडीत म्हणाली. “उपाशीपोटी साखर कुठून येते?”

“यकृतातून.”

“अर्धे मार्क,” दीपश्री म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. “किडनीही साखर बनवते. एका रात्रीच्या उपासानंतर रक्तात जी नवी साखर येते, तिच्यातला पाचवा हिस्सा तरी किडनीचा. उपास लांबला तर तो निम्म्याच्या जवळसुद्धा जातो. शिवाय रक्त गाळताना खाली उतरलेली साखर, दिवसाची पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, ती वेचून परत रक्तात पाठवते. आणि तुम्ही टोचता त्या इन्सुलिनचा निकाल बराचसा तिथंच लागतो. आता किडनी बिघडली, की साखर कमी बनते आणि इन्सुलिन अंगात रेंगाळतं. मग शुगर आपोआप खाली येते, इन्सुलिन कमी लागतं. माणसाला वाटतं, बरं झालो.”

अक्कोर ऐकत राहिल्या. एकतीस तुकड्यांपुढं काढलेली ती चहाची गाळणी त्यांना आठवली आणि लाज वाटली. पुस्तकात होतं तेच शिकवलं, पण पुस्तकानं पुरतं सांगितलं नव्हतं. बरं, पुस्तकाचं एक वेळ सोडा. स्वतःच्या शरीरानं तरी? वर्षभर ते रोज सकाळी चांगले मार्क देत राहिलं, आणि खाली सही कोणाचीच नव्हती.

“पण माझी किडनी बिघडलीय हे तुला कोणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

दीपश्रीनं गोंधळून सुमंतरावांकडे पाहिलं. “काकांच्या फोनवर आहेत की सगळे रिपोर्ट. सव्वा वर्षापासून क्रिएटिनिन वाढतंय. हवं एकच्या आसपास, शेवटच्या रिपोर्टात तीन पूर्णांक आठ आहे. तुम्हाला... माहीत नाही अक्कोर?”

अक्कोरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सलाइनच्या बाटलीकडे बघत होता.

चार दिवसांनी घरी आल्यावर अक्कोरांनी वही काढली, पेन उघडलं आणि म्हणाल्या, “बसा. हजेरी घ्या.”

सुमंतरावांनी फोन काढला. पाच रिपोर्ट, पाच वेळा वगळलेला आकडा. एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक चार. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक आठ. अक्कोर जुन्या पानांवर, त्या त्या तारखेच्या शुगरशेजारी, लाल पेनानं लिहीत गेल्या. चौतीस युनिट इन्सुलिनसमोर एक पूर्णांक सहा. वीससमोर दोन पूर्णांक चार. उगादीच्या होळिगेसमोर तीन पूर्णांक एक. जिथं जिथं त्यांनी स्वतःला शाबासकी दिली होती, तिथं तिथं शेजारी लाल आकडा चढत होता. दोन्ही रकाने एकत्र असते तर आठवीतल्या पोरीलासुद्धा काहीतरी चुकतंय हे दिसलं असतं. त्यांनी त्याच दिवशी कोणाला तरी गाठलं असतं, इन्सुलिन आणखी उतरवलं असतं, एकादशी सोडली असती. हो, एकादशीसुद्धा सोडली असती.

“कोणाकोणाला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

“वरदला,” सुमंतराव म्हणाले. वरद त्यांचा मुलगा, बेंगळुरूला असतो. “वेदश्रीला. सूनच ती, तिला कसं नाही सांगायचं? आणि तुझ्या भावाला.”

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना.”

“कुसुम, ऐक की गं. मी एका डॉक्टरांना दाखवला होता पहिला रिपोर्ट. ते म्हणाले, शुगर ताब्यात ठेवा, किडनी टिकेल. आणि तुझी शुगर उतरत होती की! मला वाटलं, आता ठीक होईल. सांगून तुझं कशाला घालवायचं सगळं? आणि तूच म्हणाली होतीस, लीलाक्काच्या तेराव्याहून येताना. आठव की. माझ्यावर डायलिसिसची वेळ आली तर मला सांगू नका, मी अशीच जाईन.”

लीलाक्का म्हणजे अक्कोरांची थोरली बहीण. दोन वर्षं डायलिसिसवर काढून गेली. ते वाक्य अक्कोर बोलल्या होत्या हे खरं होतं. गाडीत, रडत रडत.

“माणूस रडताना बोलतं तो काय सरकारी आदेश असतो?” अक्कोर ओरडल्या. मराठीत ओरडल्या. सुमंतराव दचकले, कारण मराठीत ओरडलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. “मी मंडळात वही नाचवली. तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवल्यात. तुम्हाला माहीत होतं, आणि टाळ्या वाजवल्यात!”

“तुला आनंद झाला होता ना,” सुमंतराव म्हणाले.

यावर अक्कोर खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, वाटत होती. पण त्याहून मोठी गोष्ट छातीवर बसली होती. ज्याच्या आवाजावर विश्वास ठेवून त्या आकडे लिहीत होत्या, तो आवाज पाच वेळा एका ओळीवरून उडी मारून पुढं गेला आणि त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही. वर्गात मागच्या बाकावरची मुलगी ओठ न हलवता उत्तर सांगायची तरी त्यांना कळायचं. घरात कळलं नाही. आपल्याला फसवलं, आणि प्रेमानं फसवलं, म्हणून तक्रार करायचीही सोय नाही. याचा त्यांना संताप येत होता.

तक्रारीची सोय खरोखरच नव्हती. वरदनं फोनवर सांगितलं, “आई, अप्पांना बोलू नकोस गं. किती सोसलंय त्यांनी एकट्यानं.” भाऊ म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच की. आणि दीपश्रीनं जेव्हा सांगितलं की लवकरच डायलिसिस लागेल, नाहीतर घरातल्या कोणाची किडनी जुळली तर उत्तम, तेव्हा सुमंतराव खुर्चीतून उठून म्हणाले, “माझी घ्या.” क्षणाचाही विचार नाही. झालं! नातेवाइकांत डंका पिटला. नवरा असावा तर असा. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी सुमंतरावांचे हात हातात घ्यायचा. अक्कोर शेजारी बसून ऐकायच्या. ज्यांनी त्यांना वर्षभर खोटं जगायला लावलं, त्यांच्याच पदरी आता त्यागाचं पुण्य, आणि अक्कोरांनी रागवावं तर त्याच कृतघ्न.

तरीही, खरं सांगायचं तर, त्यांना जगायचं होतं. वरदच्या मुलीला अजून पाढे शिकवायचे होते. दोन आठवडे त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका सकाळी त्यांनी कॉफीचा पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “तपासण्या करून घ्या.” घेईन, असं म्हणायला जीभ वळेना, पण अर्थ तोच होता. सुमंतरावांचे डोळे भरून आले. ते त्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन आले.

दोन दिवसांनी नाश्त्यानंतर रिपोर्ट आला. अक्कोर वही घेऊन बसल्या. सुमंतरावांनी चष्मा लावला आणि मोठ्या उत्साहानं वाचायला लागले. “रक्तगट ओ पॉझिटिव्ह. तुझाच! हिमोग्लोबिन चौदा. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ. बघ की, सहासष्टाव्या वर्षी! कावीळ वगैरे काही नाही. बाकी सगळं नॉर्मल.”

“शुगर?”

“म्हटलं की, नॉर्मल.”

“आकडा सांगा.”

सुमंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नव्वद... पंच्याण्णव असेल.”

अक्कोरांनी पेन खाली ठेवलं आणि हात पुढं केला. तळवा वर. कॉपीची चिठ्ठी मागताना त्या असाच हात करायच्या, आणि एकाही मुलीला नाही म्हणता आलं नव्हतं. सुमंतरावांनाही आलं नाही. फोन त्यांच्या तळव्यावर आला.

फास्टिंग एकशे एकोणपन्नास. जेवणानंतरची दोनशे सदतीस. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए-वन-सी सात पूर्णांक नऊ. सुमंतरावांना मधुमेह होता. मधुमेह्याची किडनी दीपश्री घेणार नव्हती, हे तिनं पहिल्याच दिवशी दोघांना बसवून सांगितलं होतं.

किडनी गेली याचं दुःख नंतर येणार होतं, ते अक्कोरांना कळत होतं. आत्ता त्यांना दिसत होता समोरचा माणूस, मान खाली घातलेला, आणि तो बदललेला नव्हता.

“या वेळी तरी मी तुझ्यासाठी केलं गं,” सुमंतराव हुंदका देत म्हणाले. “खरंच, तुझ्यासाठी.”

“मागच्या वेळीही माझ्यासाठीच केलं होतंत,” अक्कोर म्हणाल्या, आणि हे आकडे सांगायला नवऱ्याच्याच फोनवरून दीपश्रीचा नंबर लावला.